दोन्ही हात डावे

आक्काच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पंधरा दिवस तिच्याकडं सांगलीला राहायची वेळ माझ्यावर आली. दाजींचं हळदीचं दुकान, त्यात सौद्यांचे दिवस. सकाळी गेलेले दाजी संध्याकाळीच घरी यायचे. मुलगा बेंगळुरूला. दिवसातून सहा वेळा डोळ्यात औषध घालायला कुणीतरी हवं होतं. दाजींनी फोन केला, "तुला जमंल का गं?" शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, नाही म्हणायला कारण नव्हतं. मी मलकापूरचं घर बंद केलं, शेजारच्या वहिनींकडं किल्ली दिली आणि एसटी पकडली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. चार वर्षांनी मोठी. आमच्यात भांडण असं काही नव्हतं. लग्नकार्यात भेटायचो, एकमेकींना साडी घ्यायचो, दिवाळीला फोन करायचो. पण तिच्या घरी मी मुक्काम केला नव्हता, तिनं माझ्याकडं केला नव्हता. बावीस वर्षं.

त्याचं कारण सांगायला पाहिजे. लहानपणी मला फिट यायची. आमचं गाव कराडच्या अलीकडं, घरचा ऊस. वडील सैन्यात, आई रानात. मला सांभाळायची ती आक्का. फिट येणार हे माझ्या आधी तिला कळायचं. ती मला कुशीवर वळवायची, डोक्याखाली हात ठेवायची आणि कांदा नाहीतर चप्पल घेऊन धावत येणाऱ्या बायांना लांब हाकलायची. शुद्धीवर आले की पहिला चेहरा तिचाच दिसायचा. मी चोवीस वर्षांची असताना माझं लग्न ठरलं. तीन वर्षं फिट आलेली नव्हती, गोळ्या चालू होत्या. घरात ठरलं की हे पुढच्या माणसांना आत्ताच सांगायचं नाही. आक्कानं माझ्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता, "माझ्या तोंडातनं जाणार न्हाई." आणि लग्नाला आठ दिवस उरले असताना तीच उठून त्या लोकांच्या घरी गेली आणि सगळं सांगून आली. लग्न मोडलं. का सांगितलंस, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिनंही कधी सांगितलं नाही. मी पुढं बी.एड. केलं, हायस्कुलात गणित शिकवायला लागले, लग्न केलं नाही. फिट पुन्हा कधी आली नाही. गोळ्याही डॉक्टरांनी कधीच्याच बंद केल्या.

तर अशा बहिणीच्या डोळ्यात मी औषध घालत होते. पहिले दिवस आम्ही फक्त कामापुरतं बोललो. वर बघ. मिटून घे. झालं.

दहाव्या दिवशी रविवार होता. पेपर वाचून दाखवताना मी एक बारीक बातमी वाचली: वाचनालयाच्या वरच्या सभागृहात सकाळी साडेदहाला परदेशी ॲनिमेशनपट, प्रवेश सर्वांना. आक्का म्हणाली, "जाऊया."

"कार्टून बघायला?"

"काय का असंना. घरात बसून कटाळा आलाय. नव्या डोळ्यानं कायतरी बघू दे मला."

डॉक्टरांची हरकत नव्हती. आम्ही रिक्षानं गेलो. सभागृहात तीसेक माणसं असतील. बरेचसे निवृत्त, चार-दोन कॉलेजच्या मुली. हा उपक्रम चालवणारे गृहस्थ स्वतःच पडदा ताणून बांधत होते. कुपवाडला त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे, हे नंतर कळलं. पण त्यांच्या नखांतलं काळं तेल तेव्हाच दिसलं होतं. ते पुढं येऊन म्हणाले, "वीस-बावीस मिनिटांची फिल्म आहे. बोलणं नाही. एका बाईनं एकटीनं, कित्येक वर्षं खपून काढलीय. काचेवर ओला रंग लावायचा, बोटानं चित्र काढायचं, फोटो घ्यायचा, तेच चित्र थोडं पुसून पुढचं काढायचं. त्यामुळं मागच्या चित्राचा डाग पुढच्यात राहतो, तेवढं लक्षात ठेवा. आणि कळली नाही तर घाबरू नका. मलाही अजून कळलेली नाही."

दिवे गेले.

आता जे सांगते ते मला जसं दिसलं तसं सांगते.

एक पठार. गवत वाऱ्यानं वाकतंय, पण वाऱ्याचा आवाज नाही. आवाज आहे तो कुणीतरी झोपेत श्वास घेत असल्यासारखा. मधोमध एक घर. घरात एक मुलगी आणि एक जनावर. कुठलं जनावर ते सांगता येत नाही. अस्वलाएवढं, गाईसारख्या मानेचं, आणि त्याला डोळेच नाहीत. रोज संध्याकाळी मुलगी त्याच्यासमोर बसते. ते तोंड उघडतं. ती उजवा हात खांद्यापर्यंत आत घालते, डोळे मिटते आणि आतून काहीतरी काढते. एक दिवस पेटता दिवा. एक दिवस लाल बूट. एक दिवस जिवंत मासा, जो घरभर हवेत पोहत राहतो. ती कधी वाकून आत बघत नाही. ते कधी तोंड हलवत नाही. जनावराच्या जबड्यावर तिचा डावा हात ठेवलेला असतो, आणि ज्या बाईनं हे काढलं तिनं त्या हाताची बोटं इतकी सैल काढलीत, की बघताना माझेच खांदे खाली आले.

मग एका संध्याकाळी तोंड मिटतं.

रक्त नाही. किंकाळी नाही. फक्त तो श्वासाचा आवाज थांबतो. मुलगी हात मागं घेते तर बाही रिकामी. बाहीतून पाणी वाहायला लागतं, गावात नळाला यावं तसं, साधं पाणी. मुलगी बाहीकडं बघते, जनावराकडं बघते. जनावर उठतं आणि दारातून निघून जातं.

इथं मला वाटलं, संपलं. पण खरी फिल्म इथून सुरू झाली. जनावर चालत राहतं. डोंगर येतात, एक गाव येतं जिथं घरांना पाय आहेत आणि ती जागा बदलत असतात. आणि चालणाऱ्या जनावराच्या पोटाची कातडी आतून हलते. पाच उंचवटे. मुलीचा हात आत जिवंत आहे. आधी तो आतून ठोकतो, दार वाजवावं तसा. मग कंटाळतो. मग जनावर बर्फात थरथरत पडतं तेव्हा तोच हात त्याच्या पोटावरून आतल्या बाजूनं फिरायला लागतो, हळूहळू, पोराला थोपटावं तसा.

मी माझंच मनगट दुसऱ्या हातानं घट्ट धरून बसले होते, हे मला नंतर कळलं. इतकी वर्षं ज्याला नाव देता आलं नव्हतं ते कुणीतरी, मला न ओळखणाऱ्या बाईनं, कुठल्याशा थंड देशात बसून काचेवर बोटानं काढलं होतं. आक्कावर मी रागावले होते. आणि त्याच बावीस वर्षांत दर हिवाळ्यात तिला दमा होतो म्हणून माझा जीव खालीवर होत होता. हे दोन्ही एकाच वेळी कसं असतं, याचं चित्र निघू शकतं असं मला कधी वाटलं नव्हतं.

शेवटी मुलगी म्हातारी होते. जनावर परत येतं, पण आता मांजराएवढं झालेलं. ते तोंड उघडतं. म्हातारी बराच वेळ बसून राहते, आणि मग खाली वाकते. पडदा पांढरा होतो. पुन्हा चित्र येतं तेव्हा टेबलावर दोन हात ठेवलेले दिसतात. जनावर नाही, चेहरा नाही. फक्त दोन हात. आणि नीट बघितलं तर दोन्ही हात डावे आहेत.

दिवे लागले तरी कुणी उठलं नाही. खाली रस्त्यावरचे हॉर्न ऐकू यायला लागले. मग एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, जनावर म्हणजे काळ. एक बाई म्हणाल्या, आई. वर्कशॉपवाले ऐकत होते, मान हलवत होते, कुणालाच चूक म्हणत नव्हते. मला तिथं थांबवेना. शाळेत मी आयुष्यभर शेवटी उत्तर येणारी गणितं शिकवलीत. इथं उत्तराच्या जागी दोन डावे हात ठेवले होते, आणि ते मला चुकलेलं वाटत नव्हतं.

जिना उतरताना आक्का कठडा धरून थांबली. "बिचाऱ्यानं मुद्दाम न्हाई केलं."

"कुणी?"

"त्या जनावरानं. दारात कोण आलं ते बघितलं न्हाईस?"

"कोण आलं? कुणी नाही आलं."

"आलं की. तोंड मिटायच्या आधी दारात सावली पडली. ते दचकलं. न्हाईतर त्येनं तिचा हात लपवला."

"आक्का, त्याला डोळे नाहीत. त्याला सावली कशी दिसेल?"

"त्याला न्हाई दिसली. मला दिसली."

मी जरा जोरातच बोलले, "ऑपरेशनला दहा दिवस झालेत. तुझ्या डोळ्याचा काय भरवसा?"

ती कठडा धरून जिना उतरली. रिक्षात बसल्यावर, कृष्णेच्या पुलाकडं वळताना म्हणाली, "तू कायम हाताकडंच बघत हुतीस, म्हणून."

ते मला लागलं. रात्रभर डोक्यात तेच होतं. सोमवारी सकाळी मी वाचनालयातून त्या गृहस्थांचा नंबर मिळवला आणि फोन केला. म्हटलं, एकच मिनिट पुन्हा बघायचंय. ते हसले नाहीत. म्हणाले, "फिल्म कुणाला देता येत नाही, मला तशी परवानगी नाही. पण वर्कशॉपला या, जेवणाच्या सुट्टीत दाखवतो."

आम्ही दोघी कुपवाडला गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये लेथ बंद होत होते, कामगार डबे सोडत होते. कोपऱ्यातल्या केबिनमध्ये कॉम्प्युटर होता. त्यांनी तो भाग लावला. मुलगी बसली. हात आत गेला. डोळे मिटले. मी या वेळी हाताकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, दाराकडं बघत होते. आणि खरंच, मुलीच्या मागं, दाराच्या चौकटीत, क्षणभर काहीतरी काळं सरकलं. मग तोंड मिटलं.

"बघितलंस?" आक्का म्हणाली.

त्यांनी मागं घेऊन पुन्हा लावलं. मग एकेक चित्र थांबवून दाखवलं. थांबवल्यावर मात्र ती सावली राहिली नाही. तो एक पुसलेला डाग होता. बोटाच्या ठशाच्या रेषासुद्धा त्यात दिसत होत्या. चालू केलं की दारात कुणीतरी यायचं. थांबवलं की रंगाचा डाग. आम्ही सात-आठ वेळा बघितलं. मला त्या बाईची कमाल वाटली. सांडलेला रंग तिनं मुद्दाम ठेवला की राहून गेला, हे तिच्याशिवाय कुणाला सांगता येणार नव्हतं, आणि सगळी फिल्म त्या एका डागावर तोललेली होती.

एव्हाना दोन-तीन कामगार डबा हातात घेऊन दारात उभे राहून बघत होते. त्यातले एक वयस्कर मिस्त्री, पांढरी दाढी, गळ्यात टॉवेल, घास गिळून म्हणाले, "आवं बाई, त्येनं हात खाल्ला न्हाई. ठिवून घेतलाय."

"आणि तिचं काय?" मी विचारलं. "तिला हाताशिवाय जगावं लागलं."

"व्हय की," ते म्हणाले. "ती बी खरंच हाय." आणि ते डबा घेऊन बाहेर गेले.

वर्कशॉपवाले म्हणाले, "त्या बाईंना ईमेल करता येईल. विचारू का, सावली आहे की डाग?"

"नको," मी म्हणाले. त्याच क्षणाला आक्काही म्हणाली, "नको." आम्ही एकमेकींकडं बघितलं.

त्या दिवशी दुपारी चारचं औषध घालायचं होतं. आक्का पलंगावर आडवी झाली, मान मागं टाकली, डोळा उघडला. मी पापणी खाली ओढून थेंब सोडला. औषध घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं असतं. डोळे मिटूनच ती बोलायला लागली.

"तुझ्या लग्नाच्या आदी मी तुझी ट्रंक लावत हुते. तवा गोळ्यांचं पाकीट सापडलं. सगळ्या गोळ्या तशाच. महिन्याभराच्या."

मी बाटलीचं टोपण हातात धरून उभी राहिले. ते खरं होतं. मी गोळ्या बंद केल्या होत्या. सासरी कुणी बघितल्या तर विचारतील म्हणून आधीपासूनच सवय मोडत होते. रोज घेईन असा शब्द मीही आक्काला दिला होता.

"मला नुसतं डोळ्यापुढं यायचं," ती म्हणाली. "तू परक्याच्या घरात पडलीस, आणि तुला कुशीवर कोण वळवणार, कुणाला म्हाईतच न्हाई. दोन रात्री झोपले न्हाई. तिसऱ्या दिवशी गेले आणि सांगितलं."

"मला का नाही बोललीस? मी घेतल्या असत्या गोळ्या."

"घेतल्या असत्यास?"

मी बाटलीचं टोपण लावलं.

"पर तेवढंच न्हवतं," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच होते, कडेनं औषध ओघळत होतं. "तू चाललीस म्हणून मला कायतरी होत हुतं. तुझं सगळं मलाच म्हाईत असायचं. ते आता दुसऱ्या कुणाला तरी म्हाईत होणार. त्यातलं कुठलं खरं, भीती का हे दुसरं, लय इचार केला मी. अजून कळलं न्हाई."

तिनं तसं बोलायला नको होतं, नुसती भीती सांगितली असती तर मी तिला तिथंच जवळ घेतलं असतं. पण तिनं दोन्ही सांगितलं. मला राग आला, आणि रागाच्याही वर एक वेगळंच वाटलं: की एवढं खरं माझ्याशी आजपर्यंत कुणीच बोललेलं नव्हतं. मी तिच्या गालावरचं औषध कापसानं टिपलं. "पाच मिनिटं झाली," म्हटलं. मग आत जाऊन चहा टाकला आणि ओट्याला धरून रडले. बाहेर ती पडूनच होती. तिला ऐकू येत असणार.

चहा पिताना ती एवढंच म्हणाली, "साखर कमी पडली." मी साखर आणून दिली.

राहिलेले दिवस आम्ही फिल्मवर भांडलो. शेवटचे दोन डावे हात कुणाचे? आक्काचं म्हणणं, जनावरानं हात परत दिला, पण इतकी वर्षं आत राहून तो उलटा झाला होता. माझं म्हणणं, म्हातारीनं उरलेला हातही दिला आणि त्या बदल्यात तिला दोन नवे मिळाले. दाजींनी जेवता जेवता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चित्र काढणाऱ्या बाईचीच चूक झाली असंल." आम्ही दोघीही त्यांच्या अंगावर धावून गेलो. कितीतरी वर्षांनी आम्ही एका बाजूला होतो.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. एका ऑफ तासाला नववीच्या वर्गानं गोष्ट सांगा म्हणून धरलं. मी ती फिल्म सांगितली. सांगताना फळ्यावर खडूनं काढत गेले, तळव्यानं पुसत गेले. माझं चित्र वाईट आहे, जनावर म्हशीसारखं झालं, पण पोरं हसली नाहीत. सावलीचं मी सांगितलं, डागाचंही सांगितलं. वर्गाचे लगेच दोन तट पडले आणि वाद सुरू झाला. तेवढ्यात मधल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. एरवी ती कधी हात वर करत नाही.

"बाई, पण ते जनावर परत का आलं?"

सभागृहातल्या तीस जणांपैकी, वर्कशॉपमध्ये, आक्काच्या घरी, कुणीच हे विचारलं नव्हतं. ते आलं नसतं तरी चाललं असतं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. डोळे नव्हते, तरी त्या पठारावरचं ते एकच घर त्याला सापडलं, आणि चालून चालून ते मांजराएवढं झिजलं होतं. केवढी मोठी गोष्ट त्या बाईनं न बोलता त्यात ठेवली होती, आणि मी दाराकडं आणि हाताकडंच बघत बसले होते.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी विचारून सांगते."

मधल्या सुट्टीत स्टाफरूममधून आक्काला फोन लावला. दुसऱ्या डोळ्याच्या तपासणीला निघायच्या गडबडीत होती. मी मुलीचा प्रश्न तिला जसाच्या तसा सांगितला. पलीकडं हातातली पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला.

मग ती म्हणाली, "राहवलं नसंल."